तळ्याचं पाणी सवपर्यंतच गेलं

ये गो बाय, अशी जवळ ये. दारावरून गाडी काढतेस नि हॉर्नसुद्धा वाजवत नाहीस, ही कुठली रीत? पूर्वी कंपनीतून सुटलीस की आधी माझ्या ओट्यावर टेकायचीस, डब्यातली उरलेली पोळी माझ्या मांजरीला घालायचीस, कंपनीतल्या साहेबाची नक्कल करून दाखवायचीस, मग घरी. आता डोक्यावर हेल्मेट असतं म्हणून मी तुला दिसत नाही का? हेल्मेट तुझ्या डोक्यावर असतं, माझ्या नव्हे. मला सगळं दिसतं. मांजरीलाही दिसतं. तुझी गाडी आली की ती अजून उठून उभी राहते.

समोर बसवून सांगायला गेले तर मी दुसरंच काही बडबडत सुटेन नि मूळ गोष्ट राहून जाईल, माझी खोड तुला माहीत आहे. म्हणून लिहिते. हे तुझ्याबरोबर आणखीही कोणी वाचतील, तर त्यांना थोडं सांगावं लागेल. तुला ठाऊक असलेलंच पुन्हा ऐक.

ही पोरगी माझ्या मैत्रिणीची. महाडात नदीकडच्या आमच्या सखल गल्लीत आमची दोघींची दारं समोरासमोर. मैत्रीण नि मी एसटी स्टँडच्या बाहेर शेजारी शेजारी भाजी घेऊन बसायचो. शाळेचं तोंड मी पाहिलं नाही, पण स्टँडवर बसून बसून गाड्यांच्या पाट्या वाचायला शिकले. पोलादपूर, खेड, महाबळेश्वर, माझी मुळाक्षरं तिथलीच. नंतर विहारातली पुस्तकं, नंतर मोबाइल. मैत्रिणीला वाचनाचा कंटाळा. ती म्हणायची, "तू वाच नि मला सांग. दोघींनी कशाला डोळे फोडायचे?"

तिच्या मनात एक इच्छा होती. लुंबिनीला जायचं, नि आपल्या चवदार तळ्याचं पाणी नेऊन तिथल्या तळ्यात घालायचं. बुद्धांच्या आईने ज्या तळ्यात आंघोळ केली म्हणतात ते तळं. कोणी तिला हे सांगितलं नव्हतं, कुठल्या पुस्तकातही नाही. तिचं तिलाच सुचलं होतं. "एका तळ्याचं पाणी दुसऱ्या तळ्याला भेटवायचं, बस," एवढंच म्हणायची. आम्ही दोघी जाणार होतो. मग तिचं दुखणं आलं नि ती गेली. पोरगी कंपनीत प्रयोगशाळेत लागली ते बघायला ती होती, एवढंच समाधान.

तर यंदा माझ्या माहेरच्या, म्हणजे पोलादपूरकडच्या कापडे गावच्या विहारातल्या बायकांनी लुंबिनीला जायचं ठरवलं. मुंबईहून विमानाने काठमांडू, तिथून बसने पुढे. मलाही घेतलं. नुसतं घेतलं नाही, पुढारी केलं! कारण मोबाइलवर वाचून नियम समजावणारी मीच. विहारात सगळ्यांना गोल बसवलं नि मी उभी राहून भाषण ठोकलं. "नेपाळला आपल्याला व्हिसा लागत नाय. पण व्हिसा लागत नाय म्हणजे काहीच लागत नाय असं नव्हं! विमानाने जायचं तर पासपोर्ट पायजे, नायतर निवडणुकीचं कार्ड पायजे. आधार कार्ड चालायचं नाय. ज्यांचं वय पासष्टच्या वर हाय त्यांचंच आधार चालतं."

एक म्हातारी म्हणाली, "मग मी सुटले. मी केव्हाचीच वर हाय."

"वर नको गो बोलूस, प्रवासाला निघायचंय," दुसरी म्हणाली नि सगळ्या हसल्या.

मी एकेकीचं कार्ड हातात घेऊन तपासलं. फोटो बघितला, नाव बघितलं, चष्मा वर-खाली केला. एकीचं कार्ड कोपऱ्यात तुटलं होतं तर तिला रागे भरले. साहेबीणच झाले होते गो मी. आता ते आठवलं की मान वर होत नाही.

आमच्या गल्लीची एक गोष्ट बाहेरच्यांना कळायची नाही. काही वर्षांमागच्या मोठ्या पुरात आमची गल्ली वरच्या माळ्यापर्यंत बुडाली होती. पाणी उतरल्यावर पत्र्याच्या पेटीत कागदांचा नुसता लगदा निघाला. रेशन कार्ड, शाळेचे दाखले, बँकेचं पुस्तक, सगळ्यांचं मिळून एक पिठलं झालेलं. पुढे कित्येक महिने लोक दाखल्यांसाठी रांगा लावत होते. तेव्हापासून गल्लीत एक रीत पडली. खरा कागद घरात ठेवायचा नाही. तो डोंगरावरच्या नातेवाइकाकडे नेऊन ठेवायचा, नि आपण खाली त्याची रंगीत झेरॉक्स काढून, तिला प्लॅस्टिक चढवून वापरायची. आमच्याकडे नवी सून आली की बायका हुंडा विचारत नाहीत, "माहेर उंचावर हाय ना?" एवढं विचारतात. सगळ्यांत उंच माहेर माझं. माझ्या भावाच्या माळ्यावरच्या डब्यात माझे कागद आहेत, शेजारणीचे आहेत, तुझ्या आईचेही होते.

निवडणुकीचं नवं कार्ड आलं त्याच दिवशी मी ते कापड्याला पोचवलं. बँकेत, गॅसवाल्याकडे, मतदानालासुद्धा झेरॉक्सच नेली. कोणी हटकलं नाही. इतकी वर्षं पर्समध्ये आहे म्हटल्यावर तेच माझं कार्ड. बाकीच्या बायका डोंगरातल्या, त्यांना पुराची भीती नाही, त्यांचं खरं कार्ड त्यांच्या हातात. सगळ्यांची कार्डं तपासली मी. माझं बघायचं मनातसुद्धा आलं नाही.

निघायच्या दिवशी गल्लीने काय थाट केला, आठवतं ना? पांढऱ्या साड्या, हार, मोबाइल वर धरून शूटिंग. कोपऱ्यावरच्या पानवाल्यानेही जय भीम घातला. तू पहाटेच तळ्यावर जाऊन आली होतीस. आईच्या औषधाची काचेची बाटली उकळून धुतलेली, त्यात पाणी, बुचावर मेणबत्तीचं मेण. माझ्या हातात दिलीस नि म्हणालीस, "काकी, तूच घाल. दुसऱ्या कोणाकडं देऊ नको." मी म्हटलं, "अगो, जीव गेला तरी देणार नाय."

बघ, कसलं बोलून बसले.

विमानतळावर काउंटरवर एक तुझ्याच वयाची मुलगी होती. गोड बोलायची. बाकीच्यांची कार्डं झाली, त्या पुढे जाऊन उभ्या राहिल्या. पुढारीण शेवटी. मी रुबाबात कार्ड ठेवलं. तिने ते उलटसुलट केलं, नखाने कड दाबून बघितली.

"आजी, हे ओरिजिनल नाहीये."

"अगो, माझंच हाय ते. फोटो बघ नि तोंड बघ."

"तोंड बरोबर आहे आजी. कार्ड झेरॉक्स आहे. खरं कार्ड द्या."

तेव्हा कुठे मला आठवलं. खरं कार्ड भावाच्या माळ्यावर, डब्यात, डब्यावर तांदळाचं पोतं. मी आधार काढलं. तिने जन्मसाल बघितलं नि म्हणाली, "तुम्ही पासष्टच्या आत आहात आजी. वर असता तर चाललं असतं." हा नियम मला सांगत होती ती! मला, जिने तो विहारात उभं राहून सांगितला होता.

"मघापासून आजी आजी करतेस नि म्हातारी धरत नायस?" मी म्हटलं. मागची रांग हसली. मीही हसले.

भावाला फोन लावला. त्याने डबा उतरवून कार्डाचा फोटो पाठवला. ती मुलगी बिचारी वरच्या साहेबांना विचारून आली. फोटो चालणार नाही, कार्ड हातात हवं. कापड्याहून मुंबई म्हणजे अर्धा दिवस, विमान तासाभरात. काही इलाज नव्हता. पुढे उभ्या असलेल्या बायका माझ्याकडे बघत होत्या. ज्या म्हातारीचं आधार चाललं होतं ती परत आली नि माझा दंड धरून म्हणाली, "मी पण नाय जात. तुझ्याबिगर आम्हाला कोण वाचून दाखवील?" तिला मी ढकललंच जवळजवळ. "जा गो बाय. पाट्या तिकडं पण असतील, कोणालाही विचार." त्या गेल्या. काचेच्या पलीकडून सगळ्यांनी हात हलवला. मी पिशवी छातीशी घट्ट धरून उभी होते.

त्या पिशवीत तुझी बाटली होती.

हेच सांगायला एवढं लिहिते आहे गो. मला परत पाठवलं ही लाज आहेच. पण त्या बायका समोर होत्या, मोठ्या सामानात बाटली गेली असती, एका हाताचं काम होतं. माझ्या लक्षातच आलं नाही. मी माझीच लाज धरून उभी होते. लोक काय म्हणतील, गल्लीत तोंड कसं दाखवू, हार घालून घेतला तो आता कुठे टाकू, एवढंच डोक्यात. एसटीत बसले, पनवेल मागे पडलं, कंडक्टरला पैसे देताना पिशवीत हात घातला नि काच बोटांना लागली. तिथे मला रडू आलं. कंडक्टर म्हणाला, "आजी, सुटे नसले तर राहू द्या." त्याला काय सांगणार?

तू म्हणाली होतीस, दुसऱ्या कोणाकडे देऊ नको. मी त्याच्या आड लपू शकले असते. पण खरं ते नाही. मी तुझा शब्द पाळायला बाटली ठेवली नव्हती. मी ती विसरले होते.

महाडला उतरायची हिंमत झाली नाही. आदल्याच दिवशी ज्या गल्लीने शूटिंग केलं, तिथे पिशवी घेऊन कशी शिरू? महाडजवळच्याच सव गावी माझी धाकटी बहीण राहते, तिच्याकडे गेले. ती दारात तांदूळ निवडत होती. मला बघून सूप तसंच धरून राहिली.

"काय गो ताय, नेपाळ उरकलास? लवकर झाला!"

"आत घे आधी."

"आत घेते, पण व्हिसा हाय का?"

तिचं तोंड असंच. पण सगळं ऐकल्यावर तिने दार लावून घेतलं नि मला गरम चहा दिला. म्हणाली, "सगळ्या परतल्या की त्यांच्यात मिसळून जा. कोणाला कळतंय?" नि मी, बुद्धाच्या जन्मगावाला निघालेली बाई, हो म्हटलं. पंचशील रोज म्हणते मी. चौथं शील खोटं न बोलण्याचं, ते तुला सांगायला नको.

तिकडून बायकांचे फोटो गल्लीच्या ग्रुपवर यायला लागले, निघताना मीच त्यांना त्यात घेतलं होतं. देवळासमोर, झाडाखाली, तळ्याकाठी. कोणीतरी विचारलं, "आमची काकी कुठाय? दिसत नाय." मी बहिणीच्या चुलीपुढे बसून फोनकडे बघत होते. तेवढ्यात तिकडे गेलेल्यांपैकी एकीने लिहिलं, "फोटो काकीच काढतेय ना!" मला वाचवायला बिचारी खोटं बोलली. तीसुद्धा तिथे जाऊन, माझ्यापायी. खाली लगेच अंगठे नि फुलं. "काकी फोटो लय भारी काढते." "काकीचा हात बसलाय." माझी बहीण हसून हसून लोळली. मी भाकरी ताटात तशीच ठेवली.

रविवारी ती म्हणाली, "तोंड सुकलंय तुझं. चल, गरम पाण्यात बस, बरं वाटेल." सवच्या गरम कुंडांवर रविवारी महाडची माणसं येतात हे माहीत असूनही मी गेले. पहाट होती, कोण येणार, असं वाटलं. बायकांच्या कुंडात गळ्यापर्यंत बसले होते. वाफेत समोरचं दिसत नव्हतं. गुडघे सैल झाले, डोळे मिटले. पहिल्यांदा जरा विसर पडला.

नि तुझा आवाज आला. कंपनीतल्या मैत्रिणींबरोबर रात्रपाळी करून आली होतीस. पायरीवर उभी, खांद्यावर टॉवेल. मी पदर डोक्यावरून पुढे ओढला. पाण्यात बसलेल्या बाईचा पदर तो, ओला, तोंडाला चिकटला. लपायचं कुठे? तुझ्या मैत्रिणी हसत खिदळत पाण्यात पाय घालत होत्या. तू एकटी तशीच उभी.

मला वाटलं, आता म्हणशील, काकी, तू इथं? सगळ्यांसमोर म्हणशील. म्हणायला हवं होतंस. मी काहीतरी बोलून वेळ मारून नेली असती, तू रागावली असतीस, मी रडले असते, मोकळं झालं असतं.

तू फक्त खाली वाकलीस नि हळू विचारलंस, "काकी, बाटली?"

"पिशवीत हाय," मी म्हटलं.

"बरं."

एवढंच. टॉवेल दुसऱ्या खांद्यावर घेतलास नि पाण्यात न उतरता निघून गेलीस. एक मैत्रीण ओरडली, "अगो, आंघोळ?" तू म्हणालीस, "पाणी लय गरम हाय."

त्या "बरं"चा आवाज अजून माझ्या कानात आहे.

त्या दिवशी बहिणीचं ऐकलं नाही. अंग पुसलं, साडी बदलली नि रिक्षा करून भर उन्हात गल्लीत आले. नळावर बायका होत्याच. मी पिशवी खाली ठेवली नि म्हटलं, "मी गेलेच नाय. झेरॉक्स नेलेली, परत पाठवलं." आधी कोणाला खरंच वाटेना. "अगो, मग फोटो कोण काढत होतं?" मग जे हसू फुटलं, ते पानवाल्यापर्यंत ऐकू गेलं. आता पोरं मला बघून विचारतात, "ही ओरिजिनल काकी का झेरॉक्स?" मी म्हणते, "हात लावून बघ, नखाने कड दाब." ते मी सहन करते. हसणाऱ्या माणसांत राहता येतं. विहारात म्हाताऱ्यांनी विचारलं तेव्हा त्यांनाही सगळं सांगितलं. बायका परत आल्या, माझ्यासाठी तिथली मूठभर माती आणली. ती मी अजून उघडली नाही. ती घ्यायचा मला काय हक्क?

गल्लीत चौकशी केली तर कळलं, तू मला सवला बघितलंस हे कोणालाच बोलली नव्हतीस. मी स्वतः सांगेपर्यंत माझं झाकून ठेवलं होतंस. तुझ्या आईसारखं केलंस. ती माझी तोळाभर चूकही कोणाला दाखवायची नाही, मलाच एकटीला बाजूला घेऊन फैलावर घ्यायची. तू तेवढं मात्र केलं नाहीस. आईचं अर्धंच घेतलंस. झाकलंस, पण रागे भरायला आली नाहीस.

मी रात्रंदिवस विचार करते, तू रागावलीस का. की ओल्या पदरात तोंड लपवणारी काकी बघून तुलाच माझी लाज वाटली? राग असेल तर चालेल. दुसरं असेल तर मात्र मला कठीण आहे गो. तुझ्या आईनंतर तुझ्याकडे बघूनच मी दार उघडं ठेवते.

बाटली माझ्या फळीवर आहे. मेण तसंच आहे, फोडलं नाही. धूळ बसू नये म्हणून वरून स्टीलचा ग्लास उपडा घातला आहे. रोज वंदनेला बसले की तो ग्लास समोर दिसतो नि माझे शब्द चुकतात.

आणखी एक. मी कापड्याला जाऊन खरं कार्ड घेऊन आले. त्याच्यावर कोपऱ्यात बुरशीचा ठिपका आहे, फोटोत मी रागावलेली दिसते, पण ते खरं आहे. भाऊ म्हणतो, "पाऊस लागायच्या आत परत आणून ठेव, नायतर पुन्हा लगदा होईल." मी त्याला सांगितलं, "एकीला विचारायचं राहिलंय, तिचं उत्तर आलं की बघू." तुझं खरं कार्डही तुझ्या मामाच्या माळ्यावर असेल, मला ठाऊक आहे. तुमचं घर काही आमच्यापेक्षा उंच नाही.

तेव्हा ये. बाटली तुला घेऊन जायची असेल तर घेऊन जा, मी एक शब्द बोलणार नाही. माझ्या हातात पुन्हा द्यायची नसेल तर तसं तोंडावर सांग. आणि द्यायची असेल, किंवा दोघींनी जायचं असेल, तर आधी तळ्यावर जाऊ, हे शिळं पाणी तळ्यालाच परत देऊ, ताजं भरू. पण काही झालं तरी ये. हेल्मेट ओट्यावर काढून ठेव, मांजरीला काहीतरी घाल नि मग मला काय बोलायचं ते बोल. येत्या रविवारी तुला कंपनीत पाळी नाही, हे मी तुझ्या मैत्रिणीकडून काढलं आहे. तांदळाच्या भाकऱ्या नि सुकट करून ठेवते. पाऊस लागायच्या आत ये, बाय.